आधी गुण, मग घर

प्रवेश कचेरीच्या समोर, जिन्याखाली एक दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर उभं राहून खोकावं एवढीच जागा. एक संगणक, एक झेरॉक्सचं यंत्र, भिंतीला चिकटवलेला ‘दोन फोटो आणावेत’ असा कागद आणि खुर्चीत रकानेमास्तर. मास्तर तो कधीच नव्हता. शाळेशी त्याचं जमलं नाही, आणि कॉलेजची पायरी तो एकदाच, पावसात आडोशाला म्हणून चढला होता. पण प्रवेशाचा फॉर्म त्याच्यासारखा भरणारा त्या भागात दुसरा नव्हता. हे त्याचे शत्रूही मान्य करत, आणि शत्रू त्याला पुष्कळ होते.

त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाईक समोर बसलं की इतर लोक नाव, पत्ता, जन्मतारीख असे जातात. हा आधी विचारायचा, ‘‘परीक्षेत गुण किती?’’ आकडा ऐकायचा, छताकडे बघायचा आणि मग म्हणायचा, ‘‘हं. आता घर सांगा.’’ कारण कॉलेजांचा नियम असा होता, की ज्या मुलाच्या घरात एकच पालक आहे त्याला कमी गुणांवरही जागा मिळते. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. रकानेमास्तरचा हेतूबितूशी संबंध नव्हता. गुण भरपूर असले तर घर आहे तसं लिहायचं, गुण कमी पडले तर घरातलं एक माणूस कमी करायचं. ‘‘आधी गुण, मग घर,’’ हे तो येईल त्याला ऐकवायचा आणि वर स्वतःच मान डोलवायचा.

‘‘बायको कुठे असते तुमची?’’ त्याने एकदा एका गवंड्याला विचारलं.

‘‘घरीच असते की.’’

‘‘मग आता नसते.’’

गवंडी घाबरला. ‘‘अहो मास्तर, पण ती तर...’’

‘‘स्वयंपाक करेल, भांडेल, सगळं करेल. फक्त फॉर्मात नसेल. तुम्हाला पोराची जागा हवी की बायको?’’

रांगेतले लोक हसले. मग गवंडीही हसला आणि तोंड पुसून हो म्हणाला. असे किती संसार रकानेमास्तरने बसल्या जागी मोडले याचा हिशेब त्याने ठेवला नव्हता. रात्री झोप मात्र त्याला छान लागायची.

आणखी एक खोड होती. रिकामा रकाना त्याला बघवत नसे. ‘‘काहीही लिहा, पण लिहा. रिकामा रकाना म्हणजे संशय,’’ असं त्याचं म्हणणं. ही खोड दुकानापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण कोणी कुणालाही काही विचारलं आणि समोरचा घटकाभर गप्प बसला, की हा मधेच उत्तर ठोकून मोकळा. डॉक्टरने बायकोला ‘कुठे दुखतं’ म्हणून विचारलं तरी उत्तर हाच द्यायचा, आणि औषध त्याच्या उत्तराचं मिळायचं.

ही बायको कोटांच्या कारखान्यात काजं करायची. तिला सगळे काजवाली म्हणत. कापडाला नेमकी चीर द्यायची आणि तिच्या कडा दाट टाक्यांनी बांधत जायचं; कोट विरेल पण काज उसवणार नाही, असं तिचं काम. सुईने तिच्या बोटांची टोकं इतकी खरखरीत झाली होती की मऊ कापडावर हात फिरवला तर धागा ओढला जायचा. ‘‘दिवसभर भोकं पाडते आमची ही,’’ असं रकानेमास्तर पाहुण्यांना सांगायचा आणि एकटाच हसायचा. बायकोचं कौतुक करायची चूक त्याच्या हातून कधी झाली नाही.

एकच मुलगी. तिला गावातल्या सगळ्यात मोठ्या कॉलेजात जायचं होतं. त्या कॉलेजचं वसतिगृह टेकडीवर होतं, त्याला लांबलचक खिडक्या होत्या, आणि मुलीला त्या खिडक्यांतून खालचं आपलं घर बघायचं होतं. किंवा दिसेनासं करायचं होतं. ती लहान असल्यापासून रकानेमास्तरने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, की माझी पोर त्या कॉलेजात जाणार आणि तिच्या पदवीदानाला मी पहिल्या रांगेत बसणार. आता माघार घेतली असती तर गल्लीने त्याला सोलून काढलं असतं.

निकाल लागला आणि चार गुण कमी पडले.

‘‘कुणावर गेली ही?’’ रकानेमास्तर जेवताना म्हणाला. म्हणताना तो मुलीकडे नाही, बायकोकडे बघत होता.

‘‘तुमच्यावर नाही,’’ काजवाली म्हणाली. ‘‘तुम्ही परीक्षेलाच बसला नव्हतात.’’

मुलीने ताट सरकवलं. ‘‘भांडू नका. बाबा, मला सांगा, घर कमी केलं तर चार गुणांची सवलत मिळते ना?’’

‘‘त्याहून जास्त मिळते.’’

‘‘मग आई गेली तर चालेल?’’

हे वाक्य तिने मीठ मागावं तसं उच्चारलं. रकानेमास्तरच्या मनातही तेच होतं, पण पोरीने आधी बोलून दाखवल्यावर त्याला बरं वाटलं. पोरगी आपल्यावरच गेली आहे, असं त्याला वाटलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

‘‘मरण नको,’’ तो बोटं मोडत विचार करू लागला. ‘‘दाखला मागतात. घटस्फोट नको, कोर्टाचा कागद लागतो. ‘घर सोडून गेली, ठावठिकाणा नाही.’ हे बरं. याला नुसती नवऱ्याची सही पुरते.’’

‘‘तुम्हीच का जात नाही मग?’’ काजवालीने विचारलं.

‘‘मी गेलो तर सही कोण करणार?’’

‘‘मला येते सही.’’

‘‘येते गं तुला. पण चौकशीला आले तर बोलणार कोण? तू?’’ तो हसला. मुलगीही हसली.

काजवालीने मुलीने सरकवलेलं ताट उचललं. मग म्हणाली, ‘‘कधी गेले मी?’’

‘‘काय?’’

‘‘तारीख विचारत असतील ना. कधी गेले?’’

रकानेमास्तर गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा, की खोटी तारीख घालायची तर लक्षात राहील अशी घाला. त्याने तोच सल्ला स्वतःला दिला आणि आदल्या वर्षीची लग्नाच्या वाढदिवसाची तारीख घातली. ‘‘विसरायची भीती नाही,’’ तो म्हणाला. त्या दिवशी काजवालीने कारखान्यातून लवकर सुटून त्याच्यासाठी कोट आणला होता, आठ काजांचा, सगळी तिच्या हातची. तोच कोट अंगात घालून तो फॉर्म भरत होता.

कॉलेजने कळवलं, की सवलत मागितलेल्या प्रत्येक घरी तपासनीस येऊन बघून जाईल. दिवसही कळवला. रकानेमास्तरने तयारी चोख केली. बायकोचे कपडे ट्रंकेत भरून पलंगाखाली ढकलले. चपला लपवल्या. लग्नाचा फोटो उतरवला, तर भिंतीवर पांढरा चौकोन उरला. रिकामा चौकोन त्याला कसा चालणार? त्यावर त्याने कॅलेंडर टांगलं. त्या दिवशी काजवालीने बहिणीकडे जाऊन बसायचं, असं ठरलं. सगळं ठरलं, आणि तपासनीस बाई आदल्या दिवशीच दारात उभी राहिली.

काजवाली तेव्हा मोरीशी भांडी घासत होती. बाई आत आली, बसली, चष्मा पुसला आणि तिच्याकडे बोट करून म्हणाली, ‘‘या कोण?’’

 मुलगी बापाकडे बघू लागली. काजवालीने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तीही त्याच्याकडे बघू लागली. त्या वेळी तो ‘मेहुणी’ म्हणाला असता, ‘शेजारीण’ म्हणाला असता, तरी भागलं असतं. पण रिकामा रकाना दिसला आणि हात चालला.

‘‘ही? ही कामवाली आमची,’’ रकानेमास्तर म्हणाला. ‘‘चहा ठेव गं.’’

काजवालीने हात धुतले आणि चहा ठेवला.

बाईने कागद काढला. ‘‘आई का गेली, सांगता येईल का तुला?’’ तिने मुलीला हळू आवाजात विचारलं. रकानेमास्तरने मुलीला शिकवून ठेवलं होतं, की यावर नुसतं खाली बघायचं. मुलीने खाली बघितलं नाही.

‘‘ती कायम दमलेली असायची,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मी काही सांगायला गेले की म्हणायची, आधी भांडी घास. शाळेत यायची तेव्हा तिच्या कपड्यांना दोरे चिकटलेले असायचे. मुली हसायच्या. मी त्यांना सांगायचे, ही आमच्याकडे काम करते.’’

स्टोव्हवर पाणी उकळत होतं.

‘‘एकदा मला ताप होता. फणफणले होते. तर बाहेरून कुलूप लावून ती कामावर निघून गेली. मी दिवसभर दार वाजवत होते.’’ इथे मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खरं होतं. ‘‘ती गेली तेव्हा मी रडलेसुद्धा नाही. घर जरा मोठं झाल्यासारखं वाटलं.’’

तो तापाचा दिवस रकानेमास्तरला चांगला आठवत होता. ‘तू जा कामाला, मी थांबतो पोरीजवळ,’ असं त्यानेच बायकोला सांगितलं होतं. मग प्रवेशाची गर्दी आठवली, तेव्हा कुलूप घालून तोच दुकानावर गेला होता. हे मुलीला कोणी सांगितलं नव्हतं. आता सांगायची काही गरज नव्हती. तो गप्प बसला, आणि त्याच्या आयुष्यात एवढा एकच रकाना त्याने राजीखुशीने रिकामा सोडला.

काजवालीने चहाचे कप आणून ठेवले. बाईने डोळे टिपले आणि तिच्या हातावर थोपटलं. ‘‘तुम्ही आहात म्हणून बरं आहे हो. या पोरीला तुमचाच आधार.’’

‘‘कामवालीचं काय बाई,’’ काजवाली म्हणाली, ‘‘आज आहे, उद्या नाही.’’

बाई जिना उतरून गेल्यावर रकानेमास्तरने मांडीवर थाप मारली. ‘‘काय वेळेवर सुचलं बघा मला! आणि काय बोलली पोरगी! मीसुद्धा रडलो असतो.’’ मग बायकोकडे वळून म्हणाला, ‘‘तूही झक्कास केलंस हं. आज आहे, उद्या नाही. वा!’’

‘‘कप धुऊन ठेवलेत, साहेब,’’ काजवाली म्हणाली.

तो पोट धरून हसला. त्याला वाटलं, बायको थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती. त्या दिवसापासून ती त्याला साहेबच म्हणत राहिली, अंथरूण स्वयंपाकघरात घालू लागली, आणि ट्रंक पलंगाखालून तिने पुन्हा काढली नाही. आधी त्याला गंमत वाटली, मग राग आला, मग सवय झाली. जेवण वेळेवर मिळत होतं. ज्याला जेवण वेळेवर मिळतं त्याला बाकीच्या गोष्टी उशिरा कळतात.

मुलीला जागा मिळाली. कॉलेजची गाडी न्यायला आली तेव्हा गाडीत कॉलेजची माणसं होती, म्हणून मुलीने बापाला मिठी मारली आणि आईला लांबूनच म्हटलं, ‘‘येते हं मावशी.’’ त्या वेळी ते समजण्यासारखं होतं. पण सुट्टीत ती घरी आली, दार लावून घेतलं, घरात तिघांशिवाय चिटपाखरू नाही, तरी म्हणाली, ‘‘मावशी, पाणी.’’

‘‘अगं, आता कोण ऐकतंय?’’ रकानेमास्तरलाही जरा चमत्कारिक वाटलं.

‘‘सवय राहू दे, बाबा. कुणासमोर चुकून तोंडातून आई निघालं तर केवढ्याला पडेल?’’

‘‘बरोबर आहे ताईंचं,’’ काजवाली म्हणाली आणि पाणी आणून दिलं. मुलीने पेला घेतला. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही, आणि ती पेला खाली ठेवेपर्यंत आई थांबली नाही.

वर्षावर्षाला कॉलेजचा फोन यायचा, ‘घरच्या माहितीत काही बदल?’ रकानेमास्तर उचलायचा, ‘काही नाही’ म्हणायचा. मुलीचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि फोन आला तेव्हा तो दाढी करत होता, गालाला साबण. काजवालीचे हात पिठाचे होते, म्हणून तिने कोपराने बटण दाबून फोन स्पीकरवर लावला. तीच तपासनीस बाई होती.

‘‘अहो, तुम्ही त्याच ना? अजून आहात तिथे! बरं, मुलीच्या आईचा काही पत्ता?’’

रकानेमास्तर वस्तरा हातात धरून दारात आला. पोरीचं अख्खं कॉलेज आता बायकोच्या एका शब्दावर होतं, आणि हे तिला ठाऊक होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला बायकोची भीती वाटली.

‘‘नाही,’’ काजवाली म्हणाली.

‘‘परत येण्यासारखं काही?’’

काजवालीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ‘‘नाही. ती आता यायची नाही.’’

‘‘वा!’’ रकानेमास्तर नुसते ओठ हलवून म्हणाला, आणि उरलेली दाढी गुणगुणत केली.

संध्याकाळी तो दुकानावरून आला तर ओट्यावर घराची किल्ली होती, काम सोडताना ठेवतात तशी. भांडी घासून पालथी घातलेली. ट्रंक जागच्या जागी होती. सुयांचा डबा तेवढा गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात विचारलं, तर तिने काम सोडल्याचं कळलं. बहिणीकडे गेला, तर बहिणीला काहीच माहीत नव्हतं. ती दारातच रडायला लागली आणि म्हणाली, ‘‘माझ्या तोंडाकडे काय बघताय, पोलिसांत जा आधी!’’

म्हणून तो चौकीवर गेला. पोलिसाने फॉर्म पुढे केला. खरं सांगायचं तर फॉर्म दिसल्यावर त्याला धीर आला. हे त्याचं मैदान होतं. नाव लिहिलं. वय लिहिलं. उंचीपाशी अडला, बायको आपल्या खांद्याला लागते की कानाला, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. अंदाजे ठोकलं. शेवटचे पाहिले तेव्हा अंगावर काय कपडे होते? तेही ठोकलं. ओळखीची खूण या रकान्यात त्याने बोटांबद्दल लिहिलं आणि मग त्याचा हात थांबला.

पुढचा रकाना होता, ‘बेपत्ता झाल्याची तारीख’.

कालची घालावी, तर कॉलेजच्या कागदावर ती कधीच गेलेली. दोन्ही कागद एकमेकांसमोर आले की पोरगी शेवटच्या वर्षाला टेकडीवरून खाली. कॉलेजच्या कागदावरची घालावी, तर इतकी वर्षं तक्रार का नाही केली, आणि शेजारपाजारच्यांनी कालपरवा तिला पाहिलं ते काय भूत होतं? असं लिहिणाऱ्या नवऱ्याच्या घराची फरशी पोलीस आधी उकरतात.

‘‘तारीख हवीच बरं का,’’ पोलीस म्हणाला. ‘‘आणि एक फोटो. पेपरात देऊ.’’

फोटो. तपासनीस बाई पेपर वाचत असणार. कामवालीचा चेहरा ती विसरली नसणार.  जन्मभर दुसऱ्यांच्या बायका घरातून काढल्या, पण गेलेली परत कशी आणायची याचा फॉर्म त्याने कधी भरला नव्हता. ‘‘आलो,’’ म्हणून तो बाहेर पायरीवर गेला आणि मुलीला फोन लावला.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. ‘‘बाबा, तारीख लिहिलीत का?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘मग लिहू नका.’’

‘‘अगं, रात्रभर ती कुठे होती, जेवली का, काही माहीत नाही. आई आहे ती तुझी!’’  त्याला खरंच रडू येत होतं. आता येऊन उपयोग नव्हता, पण येत होतं.

 फोनमध्ये तिच्या मागे कुठेतरी मुली हसत होत्या.

‘‘कॉलेजचा फॉर्म मी बघितलेला आहे,’’ मुलगी म्हणाली. ‘‘घर सोडून गेली, ठावठिकाणा नाही. आपण बरोबरच लिहिलंय, बाबा. माझं शेवटचं वर्ष आहे. राहू दे ना.’’

रकानेमास्तर पुन्हा आत गेला. त्याने तो फॉर्म उचलला, चार घड्या करून कोटाच्या खिशात घातला आणि बटण लावलं. बटण काजात नीट बसलं.

‘‘हे काय? कोण हरवलंय म्हणालात?’’ पोलिसाने विचारलं.

 टेबलापलीकडचा माणूस उत्तराची वाट बघत होता.

‘‘कामवाली,’’ रकानेमास्तर म्हणाला. ‘‘आमची कामवाली न सांगता गेली.’’

पोलीस हसायला लागला. ‘‘कामवाली गेली म्हणून चौकीवर येतात होय? जा घरी. दुसरी बघा.’’

‘‘हो,’’ रकानेमास्तर म्हणाला.